वहीत गाळलेली ओळ

मी फौजेत नव्हते. माझे मालक होते, सतरा वर्षं, वायरलेस सेटवर. ते बोलत नाहीत, म्हणून मी लिहिते. माझं शिक्षण चौथीपर्यंत. हे कुणाला दाखवायचं नाही.

तेव्हा ते नाईक होते. आम्ही फॅमिली क्वार्टरमध्ये राहायचो. हवालदारकीच्या परीक्षेला इंग्रजी होतं. फौजेतले शिकवणारे उस्ताद सारख्या वाटणाऱ्या शब्दांच्या जोड्या शिकवायचे. ओल्डर-एल्डर, फार्दर-फर्दर, लेटर-लॅटर. मालक घाईघाईनं कच्च्या वहीत मराठी अक्षरांत उतरवून घ्यायचे. संध्याकाळी मी ते चांगल्या वहीत नीट काढायचे.

इस्लामपूरकडचा लान्स नाईक विलास त्याच वहीवरून पाठ करायचा.

"आख्ख्या कंपनीची मास्तरीण चौथी पास हाय," तो म्हणायचा.

"तुझ्यापरीस अक्षर बरं हाय तिचं. गप वाच," मालक म्हणायचे.

एका पानावर होतं, 'लेटर, नंतर'. त्याखाली, 'लॅटर, नंतरचा, दोनातला दुसरा'. 'लॅ'वरची चंद्रकोर मला घाईत वाकडी आलेली मात्रा वाटली. एकच शब्द दोनदा आला असं समजून मी खालची ओळ गाळली. परीक्षेत ती जोडी आली नाही. मालक पास झाले.

पुढच्या हिवाळ्यात मालक आणि विलास बर्फातल्या चौकीवर होते. सकाळी साडेसहाला पाच जणांची गस्त निघाली. सव्वाआठला नाल्याच्या तोंडाशी थांबली. पुढं दोन वाटा, एक नाल्यातून, एक वर धारेवरून, म्हणजे रिजवरून. मालकांनी सेटवर चौकीतल्या साहेबांना विचारलं, कुठल्या वाटेनं जायचं. साहेब नवे होते, त्यांना हिंदी कमी यायचं.

"नाला ऑर रिज. टेक द लॅटर. ओव्हर."

"रॉजर. आऊट."

मालक म्हणाले, "साहेब वाट नंतर सांगणार हायत."

"मग बसू की," विलास म्हणाला. "चा हाय का रं कुणाकडं?"

आठ पन्नासला वरून बर्फ सुटलं. मालक आवाज नीट यावा म्हणून सेट घेऊन खडकावर चढले होते. खाली चौघं गाडले गेले. तिघं जिवंत निघाले. विलास साडेअकराला सापडला.

चौकशीत मालकांना विचारलं, लॅटर म्हणजे काय. ते म्हणाले, "नंतर, साहेब." हवालदारकी थांबली. ते नाईक म्हणूनच पेन्शनवर आले. आपणच वर्गात चुकीचं ऐकलं, असं ते समजतात. चौकशीनंतर सुट्टीवर घरी येऊन त्यांनी हे सांगितलं, त्याच दिवशी मी त्यांची कच्ची वही उघडून ती गाळलेली ओळ बघितली आणि वही चुलीत घातली.

यंदा आम्ही विलासच्या आईला भेटायला गेलो. मालक म्हणाले, "मावशी, माझं इंग्रजी कच्चं पडलं."

"आवं, कच्चं कसं?" त्या म्हणाल्या. "विलास फोनवर सांगायचा, दादाची वही लय पक्की हाय. तिच्यात चूक सापडायची न्हाई."



गावाच्या फाट्यावर दगडात त्याचं नाव कोरलंय. लान्स नाईक विलास, वय सत्तावीस. मालकांनी सॅल्यूट केला. मी चपला काढून मागं उभी राहिले. गाळलेल्या ओळीचं मालकांना तिथंच सांगायचं ठरवलं होतं. एसटी आली. मालक म्हणाले, "चल."