ओठ आणि मंत्र

राजा घाटावर बाबांचं वर्षश्राद्ध होतं आणि धाकटा भाऊ कॅनडात पळी-ताम्हन घेऊन बघत होता. लॅपटॉपवरून त्याला ते दाखवणारा माणूस अनोळखी होता. त्याच्या एका कानात इयरफोन आणि नजर गुरुजींच्या ओठांवर. लॅपटॉप नवाकोरा दिसला, म्हणून मी विचारलं, "नव्या प्रोसेसरने खरंच फरक पडतो?"

"पडतो ना, भैया. जुन्यावर ओठ आधी हलायचे, मंत्र मागून यायचा. एका मुलीच्या आईच्या पिंडदानात चित्रच अडकलं. ती फार रडली, तेव्हा हा घेतला. आता आवाज जुळतो. पण कॅनडापर्यंतच्या वाटेतला उशीर कुठली चिप घालवणार?"

तर्पणाच्या वेळी त्याने तळहात दाखवून गुरुजींना थांबवलं. लॅपटॉपच्या स्पीकरवर भावाचा ओला आवाज आला, "सोडलं पाणी." मगच त्याने हात खाली घेतला आणि गुरुजींनी पुढचा मंत्र म्हटला.