अण्णांना आवाजाचं सांगायचं राहिलं

सास्तूरहून हैदराबादच्या विमानतळाला जायला आम्ही जीप ठरवली होती. आमच्या दोन्ही बॅगा अण्णांनी आदल्या दिवशी आडतीच्या काट्यावर दोनदा वजन करून आणल्या होत्या, तरी निघताना आई शेंगाचटणीची आणखी एक पिशवी त्यात कोंबत होती. ती दारातच थांबली. अण्णा, म्हणजे माझे वडील, जीपमध्ये पुढं बसले आणि उमरगा मागं पडून कर्नाटक लागलं तरी एक शब्द बोलले नाहीत. विमानतळावर माझा नवरा महेश ट्रॉली आणायला गेला. मला वाटलं, आता तरी हा माणूस डोळे पुसेल. अण्णा मान वर करून छपराकडं बघत होते. मग म्हणाले, "लई मोठं छप्पर हाय गं. आत गेलीस की दाराजवळ बस."

कॅनडाला निघालेल्या लेकीला बापानं दिलेला निरोप एवढाच. मला हसू आलं, आणि मी ते लपवलंही नाही.

"दाराजवळ बस" हे आमच्या घरचं नेहमीचं बोलणं. शाळेत, दवाखान्यात, कुणाच्या लग्नाला कार्यालयात गेलो तरी तेच. आमच्या घराला आतून कडी लावत नाहीत. त्र्याण्णवच्या भूकंपात आमचं जुनं दगडमातीचं घर पडलं आणि माझा थोरला भाऊ दत्ता गेला. तो सात वर्षांचा होता, मी तीन. मला त्यातलं काही म्हणजे काही आठवत नाही. आठवतं ते पुढचं, पत्र्याचं शेड आणि मग रांगेत बांधलेली सिमेंटची नवी घरं. अण्णा नव्या घरात जेवायचे आणि निजायला अंगणात बाज टाकायचे, थंडी असो की काही असो. मैत्रिणींच्या घरीही असंच चालायचं, त्यामुळं सगळ्या जगातले वडील अंगणातच झोपतात अशी माझी बरीच वर्षं समजूत होती.

इथं येऊन आता दहा वर्षं झाली. ईरा आणि नील इथंच जन्मले. ईरा आठ वर्षांची आहे, नील पाच. पहिले दोन हिवाळे मी खिडकीतून काढले. नुसता बर्फ बघायचा, आईला फोन करायचा आणि रडायचं. मग ईरा चालायला लागली आणि शेजारच्या बाईनं तिच्या लेकीचे लहान झालेले स्केट आणून दिले. माझ्या गावात पाणी कसं साठवायचं हे लेकरांना कळत्या वयापासून शिकवतात. माझी लेक गोठलेल्या पाण्यावर उभं राहायला शिकत होती. आमच्या भागातल्या तळ्यावर शिकवणाऱ्या मुलीनं पहिले दोन दिवस फक्त पडायला शिकवलं. गुडघे वाकवायचे, कुशीवर पडायचं, मुठी मिटायच्या आणि हसत उठायचं. महेशला मात्र पडण्याचं शिक्षण लागलं नाही. त्याला ते उपजतच येत होतं.

ज्यांची लेकरं इकडं वाढतायत त्यांना सांगायला नको, शनिवारची सकाळ म्हणजे लगीनघाई असते. दोघांच्या स्नोपँट, दोघांची हेल्मेट, चार हातमोजे, त्यातला एक कायम हरवलेला. तळ्याच्या काठावर बाकाजवळ गुडघे टेकून मी चार स्केटच्या नाड्या आवळायची. शेवटची गाठ बसली की नील हमखास म्हणायचा, "आई, शू." पुन्हा सगळं सोडायचं, पुन्हा बांधायचं. एवढं करून पोरं वीस मिनिटं खेळायची, भूक लागली म्हणायची आणि डब्यातल्या धपाट्यांसाठी बर्फावरच भांडायची. तरी मला तो दिवस फार आवडायचा. तिथं मी कुणासाठी परदेशी नव्हते. मी दोन लेकरांची आई होते, सगळ्यांसारखीच तोंडावर आपटणारी.

मागच्या हिवाळ्यात अण्णा तीन महिन्यांसाठी आले. आई आली नाही. "म्हशीला काय विमानात बशीवता का?" म्हणाली. म्हणून अण्णा एकटे आले. आल्या आल्या आमच्यात खटके उडायला लागले. मी रोज रात्री दाराला कुलूप लावायची आणि रोज सकाळी ते उघडं मिळायचं. पहिल्या आठवड्यात मी समजावलं, दुसऱ्या आठवड्यात चिडले. "अण्णा, इथं लेकरं आहेत घरात," मी म्हणाले. त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं की जणू मी त्यांच्याच मनातलं बोलले. मला त्याचा अर्थ लागला नाही, आणि मी लावायलाही गेले नाही.

तळं मात्र त्यांना आवडलं. पहिल्यांदा नेलं तेव्हा काठावर उभं राहून त्यांनी विचारलं, "खाली पाणी किती हाय?" दोन पुरुष तरी असेल, मी सांगितलं. "एवढं पाणी! अन् त्याच्या डोक्यावर माणसं नाचत्यात?" बर्फ किती जाड आहे ते इथं माणसं भोक पाडून मोजतात आणि मगच हिरवा झेंडा लावतात, हे ऐकल्यावर ते झेंड्यापर्यंत जाऊन खात्री करून आले. त्यांच्या बुटांना आम्ही काट्यांचे पट्टे बांधले. घडीची खुर्ची बर्फावर ठेवून पोरं त्यांना ढकलायला लागली, आणि अण्णा कानटोपीतून ओरडत होते, "हाण! वळीव, वळीव! डाव्या बैलाला काय झालं रं?" डावा बैल म्हणजे नील. तो हसून हसून खाली बसला. मी व्हिडिओ काढून आईला पाठवला. आईनं तो अख्ख्या गल्लीला दाखवला.

अण्णांना मी सगळं सांगितलं होतं. कान झाका, ओठांना तेल लावा, घाम आला तरी जॅकेट काढू नका. एक गोष्ट सांगायची राहिली. कडाक्याची थंडी पडली की तळ्याचा बर्फ आवाज करतो. आधी खोलवर गडगड होते, मग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत कडाड असं काहीतरी पळत जातं. इथली माणसं त्यावर खूश होतात, बर्फ जाड होतोय म्हणतात. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मलाही काही वाटलं नव्हतं. सास्तूरच्या पोरीला काही वाटलं नव्हतं, याची आता मला लाज वाटते.

तो त्यांचा तिसरा शनिवार होता. लख्ख ऊन आणि हाडं गोठवणारी थंडी. महेश कामावर होता. अण्णा खुर्चीत होते, नील खुर्चीला धरून उभा होता, ईरा लांब गोल गोल फिरत होती आणि मी तिच्या नि त्यांच्या मध्ये. पायाखालून ती गडगड आली.

मी वळले तोवर अण्णा उठले होते. सत्तरी ओलांडलेला माणूस, कमरेला पट्टा बांधून फिरणारा. त्यांनी नीलला काखेत मारलं आणि काठाकडं धावले. "भायेर! भायेर पळा!" अख्ख्या तळ्याला ऐकू जाईल असं ओरडत होते. नीलला त्यांनी काठावरच्या बाकावर ठेवला, आणि मला वाटलं संपलं. पण ते परत फिरले. पुन्हा बर्फावर आले, माझ्या अंगावरून पुढं गेले, ईराला मागून धरलं आणि ओढायला लागले. ती घाबरून किंचाळली. स्केटवरच्या पोरीला ओढत नेता येत नाही. दोघंही पडले. ईराचा ओठ फुटला आणि पांढऱ्या बर्फावर रक्त सांडलं.

माणसं जमली. मी ईराला उचललं आणि अण्णांवर ओरडले, "काय तमाशा लावलाय हा? हे सास्तूर नाही!" एक बाई काळजीनं विचारायला लागली, यांना बरं वाटत नाही का, मदत बोलावू का. तिला मी इंग्रजीत म्हणाले की यांचं वय झालंय, यांना काही कळत नाही. इंग्रजीत बोलले ते अण्णांना समजू नये म्हणूनच. त्या बाईनं मान हलवली आणि त्यांच्याकडं बघून, लहान मुलाकडं बघून हसतात तशी हसली. तेही तिच्याकडं बघून हसले.

परत येताना गाडीत ईरानं सुजलेल्या ओठानं विचारलं, "आई, आजोबांना काही कळत नाही असं तू त्या बाईला का सांगितलं?" स्वच्छ मराठीत. माझी मराठी टिकवण्याची सगळी हौस त्या एका वाक्यात फळाला आली. मी आरशात पाहिलं. अण्णा मागं, दाराला टेकून बसले होते. त्यांनी तोंड खिडकीकडं फिरवलं. मी "गप बस" म्हणाले ते ईराला.

त्या दिवसानंतर त्यांनी पोरांना कडेवर घेतलं नाही. नील मांडीवर चढायला आला की म्हणायचे, "थांब, आईला विचार." पायऱ्या चढताना भिंतीला धरायचे. गुडघा दुखावला होता, हे मला दिसत होतं. मी विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर पुढचं सगळं बोलावं लागलं असतं. दोन आठवड्यांनी म्हणाले, हरभरा काढणीला आलाय, जातो. ठरल्यातले दोन महिने अजून बाकी होते. मी तिकीट बदलून दिलं, आणि देवाशपथ सांगते, मला हायसं वाटलं.

ते पोचल्यावर मी आईला फोनवर सगळं सांगितलं, तक्रारीच्या सुरातच.  भूकंप झाला त्या रात्री आई घरी नव्हती, तिची आई आजारी म्हणून भूमला माहेरी गेली होती. एवढं मला माहीत होतं. उरलेलं तिनं मला त्या दिवशी पहिल्यांदा सांगितलं. "आवाज झाला तवा त्यांच्या हाताला आधी तू लागलीस," आई म्हणाली. "तुला भायेर लिंबाखाली ठिवलं अन् दत्तासाठी परत वळले. दारापोतूर गेले हुते गं. तेवढ्यात भिंत आली." आणि मग, "म्या न्हवते ना तिथं. म्या असते तर एकेक घेतलं असतं."

म्हणजे मी ओरडले तेव्हा अण्णा तेच करत होते. पहिल्या लेकराला बाहेर ठेवून दुसऱ्यासाठी परत फिरले होते. या वेळी पोचलेही होते. आणि पोचल्यावर त्यांच्या लेकीनं चारचौघांत त्यांना खुळ्यात काढलं.

त्यावर वर्ष गेलं. दर रविवारी फोन व्हायचा. पाऊस, म्हैस, ईराचा पुढचा दात. अण्णा फोन लगेच आईकडं द्यायचे. तुमच्यापैकी जे लांब गेलेत त्यांना हे ठाऊक आहे. आपण घराला पैसे पाठवतो, फोटो पाठवतो, आणि जे पाठवायला हवं ते तोंडाशी येऊन परत जातं. पूर्वी कुणी विचारलं की घर कुठं, तर मी सास्तूर म्हणायची, हिशेब सोपा होता. आता माझी जीभ अडखळते. ज्या घरातल्या भीतीचंही मला काही आठवत नाही, त्याला माझं म्हणायचा मला काय हक्क?

या हिवाळ्यात हिरवा झेंडा लागला त्या शनिवारी आम्ही तळ्यावर गेलो. महेश पोरांना घेऊन पुढं गेला. मी बाकावर बसले होते आणि बर्फ आतून गडगडला. पहिल्यांदाच मी चटकन उठून दोन्ही पोरं कुठं आहेत ते पाहिलं. मी हातमोजा काढला आणि अण्णांना फोन लावला. तिकडं दिवेलागण झाली असेल.

"अण्णा," मी म्हणाले, "मागल्या वर्षी मी तळ्यावर त्या बाईला तुमच्याबद्दल जे बोलले, ते चुकलंच माझं. लई चुकलं."

 अण्णा म्हणाले, "काय बोलली हुतीस? माझ्या न्हाय ध्यानात. म्या तवा लेकरं बघत हुतो. दोन्ही भायेर आली का, एवढंच बघत हुतो."

खोटं बोलत होते. गाडीत फिरवलेलं तोंड मी पाहिलं होतं. माझ्या अंगावरचं ओझं उतरवायला तो माणूस खोटं बोलत होता आणि मला ते उतरवून घ्यायचीही लाज वाटत होती. रडू नये म्हणून मी काहीतरी चेष्टेचं बोलायला गेले. "दोन्हीच का? मी पण होते की बर्फावर. मला नाही बघितलं?"

"तुझं काय बघायचं?" अण्णा म्हणाले. "तुला म्या कवाच भायेर काढलंय."

 फोन कानाला तसाच धरून मी समोर बघत राहिले. नील पडला, कुशीवर, शिकवल्यासारखा, आणि उठला. तिकडं मागून आईचा आवाज आला, धार काढून घरात येत असावी. "कुणाचा फोन हाय वो?"

"घरचाच हाय," अण्णा म्हणाले.