कल्याणीताईंचा उरक

कल्याणी भोंडे यांच्या कामाला उरक फार, असं त्यांच्या सासूबाईंपासून विमा कचेरीतल्या साहेबांपर्यंत सगळे म्हणत आले. त्याचं त्यांना भूषणही होतं. श्रावणातली पोथीसुद्धा त्या कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत संपवायच्या. मधले अध्याय कुठे जायचे ते देवालाच ठाऊक.

स्वेच्छानिवृत्ती घेतल्यावर रिकामं बसवेना, म्हणून धायरीत पिठाच्या गिरणीवर असलेल्या छोट्या वाचनालयात त्यांनी मदतीसाठी नाव दिलं. उन्हाळ्याच्या सुट्टीत तिथे मुलांची झुंबड. कुणी चित्रं शिकवी, कुणी गोष्टी सांगे, आणि शनिवारी बापूराव पोकळे मुलांना फाटकी पुस्तकं शिवायला शिकवत. त्यांची हयात छापखान्यात बाइंडिंग करण्यात गेलेली. आता अक्षर दिसत नसे, पण दाभण आणि दोरा बोटांना बरोबर सापडायचा. वाचनालयातली निम्मी पुस्तकं त्यांच्याच हातची. त्यांच्या घरी जाऊन कादंबरी वाचून दाखवायचं काम कल्याणीताईंनी आपणहून मागून घेतलं, आणि सोसायटीच्या ग्रुपवर त्याचा फोटोही टाकला.

कादंबरी जाडजूड होती. सुरुवातीचे दिवस बरे गेले. मग ऊन वाढलं, घरी कुरडयांचं काम खोळंबू लागलं आणि ताई पानं गाळू लागल्या. आधी डोंगराचं वर्णन, मग एखादं लग्न, मग अख्खं प्रकरण. म्हाताऱ्याला काय कळतंय, असंही त्यांच्या मनात येऊन गेलं.

एके दुपारी बापूरावांनी हात वर केला. "ताई, थांबा जरा. विहिरीवरनं भावाभावांचं फाटलं व्हतं ना? मग आज एका ताटात कसं जेवत्यात?"

ताई जराही अडखळल्या नाहीत. "मधली पानं गळलीत हो. जुनं पुस्तक आहे."

बापूरावांनी पुस्तक मागून घेतलं, पाठीवरून अंगठा फिरवला. "हे मीच बांधलंय," एवढंच म्हणाले. ताई तोवर चपला घालत होत्या.

पुढच्या शनिवारी मुलं सुया ओवून बसली, पण बापूराव आले नाहीत. वाचनालय चालवणाऱ्या पायलने ताईंना बाजूला घेतलं. "आजोबांचा निरोप आलाय, आता बाइंडिंगला पुस्तकं पाठवू नका म्हणून. म्हणतात, माझ्या हातनं पानं सुटायला लागली, पोरांना काय शिकवू? काकू, तुमचं ऐकतील ते. तुम्ही एवढं करता त्यांच्यासाठी."

ताई तशाच बापूरावांच्या घराकडे निघाल्या.

वाटेत त्यांनी एक युक्ती काढली. पानं कपाटामागे सापडली म्हणावं, विषय संपला. इथेही उरकच. पण बापूरावांच्या ओसरीवर दाभण, रिळं, पुस्तकं दाबायच्या फळ्या, सगळं गोणपाटात बांधून भिंतीशी लावलेलं दिसलं. म्हातारा शेजारी रिकामे हात मांडीवर ठेवून बसला होता. ते हात पाहून ताईंना स्वतःची किळस आली.

"बापूराव, पानं गळलेली नाहीत. मी गाळली. घरी जायची घाई असायची. पुस्तक धडधाकट आहे."

ताई शिव्या खायच्या तयारीने उभ्या होत्या. दोन सणसणीत शब्द ऐकले असते तर बरंच वाटलं असतं.

"समदी पानं हायत?"

"आहेत."

"शिलाई?"

"एक टाका सुटलेला नाही."

म्हाताऱ्याचा चेहरा उजळला. त्यांनी सुनेला हाक मारून गोणपाट सोडायला लावलं. पोरं थांबली असतील म्हणत काठी आणि टोपी शोधू लागले. पायरी उतरताना मात्र ते वळले आणि ताईंच्या दिशेने अगदी मायेने म्हणाले, "तुमची लई ओढाताण झाली माझ्यापायी. आधी सांगायचं की. आता पोरांकडनंच वाचून घेतो मी. तुम्ही घरचं बघा."

टोमणा असता तर ताईंनी अस्सल पुणेरी उत्तर दिलं असतं. पण बापूराव मनापासून बोलत होते. ताईंनी "बरं" म्हटलं आणि शरमेने खाली मान घालून, त्यांच्या संथ पावलांमागून, पहिल्यांदाच कसलीही घाई न करता चालत राहिल्या.