डोळे मिटून ऐकणाऱ्या मॅडम

शिरोळकर मॅडम प्रबंधाचा कागद आधी हातात घेतच नसत. समोरच्या खुर्चीकडे बोट दाखवत आणि म्हणत, "वाच." मग चष्मा काढून डोळे मिटून बसत. पहिल्या दिवशी मला वाटलं, बाईंना झोप लागली. तरी मी प्रस्तावना रेटत राहिले. चौथ्या वाक्याला त्यांनी खाडकन डोळे उघडले.

"हे कोण बोललं?"

"मीच, मॅडम."

"तू नाही बोललीस. कुठून उचललंस ते तुझं तुला ठाऊक. काढ ते."

ते वाक्य खरोखरच मागच्या बॅचच्या एका प्रबंधातून उचललेलं होतं. मी इतकी ओशाळले की पुढचं पान सापडेना. मॅडमनी मात्र डबा उघडून माझ्यापुढे खाकरा ठेवला. "खा ग बेन. पहिल्यांदा सगळ्यांचंच असं होतं."

त्या मूळच्या कोल्हापूरच्या. यजमानांच्या बँकेतल्या बदलीमुळे सुरतला आल्या, यजमान गेल्यावरही इथेच राहिल्या आणि आमच्या कॉलेजात व्यवस्थापन शिकवत राहिल्या. बोलणं अस्सल कोल्हापुरी, मध्येच गुजराती फोडणी. मी सुरतेतल्याच उधन्याची, घरी खानदेशातली अहिराणी बोलणारी. वडील बमरोलीच्या लूमवर, कापडाचे माग चालवायला. एमबीएपर्यंत पोचलेली आमच्या गल्लीतली मी पहिलीच, त्यामुळे तोरा बराच होता आणि भीती त्याहून जास्त. मॅडम जूनअखेर निवृत्त होणार होत्या. त्याआधी प्रबंध सादर झाला नाही तर मला दुसऱ्या मार्गदर्शकांकडे जायचं होतं, आणि ते सर माझा विषय ठेवू देणार नव्हते. सगळं पहिल्यापासून करायचं म्हणजे वर्ष गेलंच असतं.

विषय होता कापड कारखान्यांतल्या कामगारांची गैरहजेरी. मी सुंदर आराखडा केला, रंगीत रकाने आखले, परीक्षांच्या तारखा सांभाळून प्रश्नावली भरून घ्यायचा आठवडा ठरवला. ठरल्या दिवशी झेरॉक्सचा गठ्ठा घेऊन बमरोलीला गेले तर लूम गप्प. दारावरचा वॉचमन म्हणाला, "सब अखाजी में गया, बेन. अब कौन मिलेगा?"

आखाजी! म्हणजे आमची अक्षय तृतीया, माहेरपणाचा सण. आमच्याच घरी पिशव्या भरून तयार होत्या, आई दोन दिवस आधीच माहेरी गेली होती. खानदेशी माणूस आखाजीला सुरतेत सापडत नाही, हे मला शाळेत जायच्या आधीपासून माहीत. आणि मी नेमका तोच आठवडा काढला होता! रडकुंडीला येऊन मॅडमकडे गेले. ऐकता ऐकता त्या हसायला लागल्या, हसून हसून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"गैरहजेरीचा अभ्यास करायला गेलीस आणि सगळेच गैरहजर! अगं, याहून चांगलं काय सापडणार होतं तुला?" मग चष्मा काढून त्यांनी डोळे मिटले. "आता सांग. कुठं गेले सगळे? कशाला गेले? परत येतात का?"

मी सांगत सुटले. झोके, माहेरवाशिणी, सांजोऱ्या, ठरलेली लग्नं, गावाकडचं अर्धं राहिलेलं घर. काही जण परत त्याच कारखान्यात जातात, काही सरळ दुसरीकडे लागतात, तेही बोलले. मॅडमनी एकदाही डोळे उघडले नाहीत.

"काही जण परत त्याच ठिकाणी का जातात?"

"माहीत नाही."

"हा झाला तुझा प्रश्न. ऊठ, गाडी पकड."

प्रश्नावलीचा गठ्ठा घेऊन मी अमळनेरची गाडी पकडली आणि आमच्या गावात, झोक्यांच्या झाडाखाली, माणसांना बोलतं केलं. कारणं पुष्कळ निघाली. एक मात्र मला सुचलंही नसतं. आमच्या शेजारचे एकनाथमामा म्हणाले, "निंघताना शेठ बोलना, सण कर आन परत ये. असं कोन बोलस आपलाले?" तसं बरेच जण बोलले. निघताना कुणी 'परत ये' म्हटलेलं असलं की पाय तिकडेच वळत होते.

ते प्रकरण वाचून दाखवलं तेव्हा मॅडमचे डोळे शेवटपर्यंत मिटलेले राहिले. डोळे उघडले ते फक्त ऋणनिर्देशाला. 'आदरणीय मार्गदर्शकांची मी शतशः ऋणी आहे' असलं काहीतरी मी इंग्रजीत लिहिलं होतं.

"हे कोण बोललं?"

सगळेच तसं लिहितात. ते काढलं, पण त्या जागी माझं असं काही सुचेना. शेवटी नुसतं त्यांचं नाव ठेवलं आणि जूनमध्ये प्रबंध वेळेत दिला.

गेल्या हिवाळ्यात मॅडम कोल्हापुरात वारल्या. मला त्या आठवतात त्या सुरत सोडतानाच्या. कोल्हापूरला आपल्या मुलाकडे त्या कायमच्या निघाल्या होत्या. घरभर खोकी, खाली टेम्पो उभा. मी प्रबंधाची बांधणी केलेली प्रत द्यायला गेले होते. पाया पडले, जिन्याशी आले आणि वळून म्हणाले, "मॅडम, परत या."

त्या दारात थांबल्या. चष्मा काढला, डोळे मिटले.

"पुन्हा म्हण," त्या म्हणाल्या.

"परत या, मॅडम."

खालून टेम्पोवाला हाका मारत होता. त्यांनी डोळे उघडले नाहीत.