‘नंतर’चं बटण

आमच्या कचेरीत तीन कम्प्युटर होते आणि माणसं सात. कम्प्युटर कोणा एकाचा नव्हता, त्यामुळे त्याच्यावर येणारी सूचनाही कोणाची नव्हती. ‘सॉफ्टवेअर जुनं झालंय, नवं इन्स्टॉल करा’ अशी चौकट रोज सकाळी पडद्यावर यायची. खाली दोन बटणं, ‘आता’ आणि ‘नंतर’. जो खुर्चीत बसायचा तो ‘नंतर’ दाबून कामाला लागायचा.

मी तिथला कंत्राटी ऑपरेटर. हे भिजत घोंगडं खरं तर माझंच होतं. पण इन्स्टॉल करायचा पासवर्ड भंडाऱ्याच्या जिल्हा कचेरीतल्या माणसाकडे. त्याला बोलावलं की अर्धा दिवस मशीन बंद, आणि ज्यानं बोलावलं त्याच्या डोक्यावर खापर. एकदा तो स्वतःहून आला, “काही अडचण?” म्हणून विचारलं. सगळे एका सुरात म्हणाले, “चालून राहिलं ना मस्त!” मीही मान डोलावली. त्यानं चहा घेतला आणि गेला.

त्यानंतर पंधराएक दिवसांनी त्या चौकटीत ‘नंतर’ उरलंच नाही. एकच बटण होतं. मी ते दाबलं. जुनं सॉफ्टवेअर निघून गेलं आणि नवं पासवर्ड मागत उभं राहिलं. दुसऱ्या कम्प्युटरवरही तेच झालं. तिसरा कधीचाच बंद होता.

नेमकी त्याच दिवशी बाकावर एक बाई बसली होती. आमच्याच खात्यातल्या मेलेल्या शिपायाची बायको, नाकाडोंगरीहून आलेली. नवऱ्याच्या जागी अनुकंपावर तिला घ्यावं, असा प्रस्ताव त्या संध्याकाळपर्यंत भंडाऱ्याला पोचायला हवा होता. पंचेचाळीस वर्षं पूर्ण झाली की नाव यादीतून निघतं. शाळेच्या दाखल्यावरची जन्मतारीख गुरुजींनी अंदाजानं टाकलेली, आणि त्या अंदाजानं तिची पंचेचाळीस दुसऱ्या दिवशी भरत होती. ही तारीख कागदावर मी पाहिली होती. त्या तारखेचा अर्थ बाईला कोणी सांगितला नव्हता.

मी भंडाऱ्याला फोन लावत राहिलो. तो माणूस उचलेना. हातानं लिहून देतो म्हटलं, तर आमचे हेडक्लार्क, बडे बाबू, म्हणाले, “हाताचं जिल्ह्याले चालत नाही.” मग ते जेवायला गेले. माझा संताप होत होता, आणि तो खरं तर स्वतःवरच काढायला हवा हेही मला पक्कं ठाऊक होतं.

“भाऊ, होते काय आज?” तिनं दोनदा विचारलं.

“मशीन अटकून राहिली, बाई. पाहून राहिलो.”

चार वाजता ती पिशवी उचलून टेबलापाशी आली. “पाचची गाडी गेली का मंग गाडी नाही मले. उद्या येऊ काय?”

उद्या येऊन उपयोग नाही, एवढंच सांगायचं होतं. पण सांगितलं असतं तर ती ‘काहून’ म्हणाली असती, आणि का ते सांगायला गेलो असतो तर माझं मान डोलावणंही निघालं असतं.

“या उद्या,” मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी पासवर्डवाला आला. पाच मिनिटांत काम उरकलं. मी प्रस्ताव टाइप केला, प्रिंट काढली, साहेबांनी सही केली. दुपारी जिल्ह्यातून फोन आला की वय उलटलंय, पाठवू नका. बडे बाबूंनी बाकाशी जाऊन तिला नियम समजावला.

ती रडली नाही. सरळ माझ्याकडे आली.

“काल तुमाले मालूम होतं काय, भाऊ? मालूम असतं तं मी सोता भंडाऱ्याले गेली असती. सायबाच्या पाया पडली असती.”

“नाही,” मी म्हणालो. “मलेही आजच समजलं.”

तिनं ते खरं मानलं. जाताना म्हणाली, “तुमी लय धडपड केली, भाऊ.”