काका सिनियर, मी सुपिरियर

लातूर नवा जिल्हा झाला आणि माझी नांदेडहून तिकडं बदली झाली. नुकतीच परीक्षा देऊन नायब तहसीलदार झालेली पोरसवदा बाई मी. आणि माझ्या हाताखाली अव्वल कारकून कोण, तर माझ्या वडिलांचे मुदखेडचे दोस्त! मला इंग्रजी त्यांनीच शिकवलेलं. मी त्यांना काका म्हणायचे, ते मला 'पोरी'.

झाली का पंचाईत! काका आत आले की मी खुर्ची सोडून उभी. बापाच्या वयाचा माणूस समोर असताना बसायचं न्हाई, ही आमच्या घरची रीत.

मला मोठं नवल वाटायचं. मराठीत आपण आधी लागलेल्यालाही आणि साहेबालाही 'वरिष्ठ' म्हणून मोकळे होतो. इंग्रजीत मात्र आधी नोकरीला लागलेला तो सिनियर, आणि ज्याचा हुकूम चालतो तो सुपिरियर. म्हणजे काका माझे सिनियर, मी त्यांची सुपिरियर. मग उभं कुणी राहायचं? भेटेल त्याला विचारायचे. एक जुने साहेब म्हणाले, "खुर्चीला विचारा." आता खुर्ची बोलती व्हय?

त्यात दुष्काळ. गावाबाहेरच्या एका बौद्ध वस्तीची विहीर आटली. मी टँकर तिकडं धाडायला सांगितला, तर ड्रायव्हर गावातच रिकामा करून आला. दुसऱ्या दिवशीही तेच. वस्तीतल्या बाया रिकाम्या घागरी घेऊन कचेरीत आल्या. एकीच्या कडेवरचं लेकरू कोरडे ओठ चाटत होतं. माझं डोकंच फिरलं. ड्रायव्हरला आत बोलावलं, चांगला फैलावर घेतला. तेवढ्यात काका आले. सवयीनं मी उठले. लगेच तो काकांकडं वळला, "साहेब, टँकर कुठं न्यायचा?"

काकांचा चेहराच उतरला.

"मला काय इचारतो? साहेब त्या हायेत." मग माझ्याकडं वळून म्हणाले, "म्याडम, बसा."

मला बसवेना.

"बसा म्हणतो ना!" शिकवताना रागवायचे, अगदी तोच आवाज.

मी बसले. काका ड्रायव्हरच्या शेजारी जाऊन हात बांधून उभे राहिले. "हुकूम करा, म्याडम."

मी हुकूम केला. बाया टँकरवरच बसून वस्तीवर गेल्या, आणि त्या दिवसापासून पाणी चुकलं नाही. लई बरं वाटलं मला.

सुट्टीत मुदखेडला गेले, तशी काकांच्या घरीही गेले. काकूंनी चहा टाकला. काका म्हणाले, "आधी म्याडमला द्या."

त्यानंतर त्यांनी मला कधीच 'पोरी' म्हणून हाक मारली नाही.