मागच्या सीटवरची वहिनी

आमच्या गल्लीत परदेशी पाहुण्यांना मोटारसायकली भाड्यानं देणारी दुकानं बरीच होती, पण चावी हातात देण्याआधी गिऱ्हाइकाच्या मागे बसून चक्कर मारणारी बाई एकाच दुकानात होती. तिच्या नवऱ्याला सगळे दादा म्हणायचे, म्हणून ती वहिनी. दादांपेक्षा मोठी असलेली माणसंही तिला वहिनीच म्हणायची. माझं चाव्या बनवण्याचं दुकान बरोब्बर समोर. पाहुणे मंडळी चाव्या हरवण्यात पटाईत, त्यामुळे दादांचा धंदा चालला की माझाही चालायचा.

गंमत म्हणजे वहिनीला स्वतःला मोटारसायकल येत नव्हती. सायकलसुद्धा धड येत नव्हती.

आधी दादा एकटेच सगळं बघायचे. माणूस आला, त्यानं लायसन्स दाखवलं, घेऊन जा गाडी. ते लायसन्स मोटारीचं आहे की मोटारसायकलचं, हे बघायच्या भानगडीत ते पडत नसत. असाच एक उंचापुरा मुलगा ‘येते, येते’ म्हणत गाडीवर बसला आणि गल्ली ओलांडून थेट माझ्या दुकानात शिरला. चाक पायरीवर, तो टेबलाखाली. गळ्याजवळचं हाड मोडलं. दादा धावत आले आणि आधी गाडीचा आरसा बघायला लागले. वहिनी त्याला दवाखान्यात घेऊन गेली. तिथं कळलं की त्याचं लायसन्स फक्त मोटारीचं होतं, त्यामुळे विम्याची कंपनी हात वर करून मोकळी झाली होती. तो फोनवर आईशी बोलताना लहान मुलासारखा हुंदके देऊन रडत होता. वहिनी त्याची पिशवी मांडीवर घेऊन बाहेरच्या बाकावर बसून राहिली.

घरी आल्यावर तिनं दादांना सांगितलं, “यापुढे आधी मला मागे बसवून एक चक्कर. मग चावी.”

“तुला गाडीतलं काय कळतंय?”

“गाडीतलं नाही कळत. पडायची भीती मात्र चांगली कळते.”

दादा हसले, पण गाड्या दुरुस्तीला जायच्या कमी झाल्यावर हसायचे थांबले.

वहिनीची पद्धत ठरलेली होती. आधी लायसन्स उलटसुलट करून मोटारसायकलचं चित्र शोधायचं. मग हेल्मेट. पट्टा स्वतः लावायचा आणि मडकं पारखून घ्यावं तसं ते हेल्मेट दोन्ही बाजूंनी हलवून बघायचं. आत डोकं वेगळं आणि हेल्मेट वेगळं हललं की दुसरं आणायचं. ब्रेक दाबून दाखवायला लावायचे. पासपोर्ट कुणी काढून दिला तर ती तो त्याच्याच खिशात परत कोंबायची. “हा कुणाकडे ठेवायचा नाही. आमच्याकडेसुद्धा नाही. झेरॉक्स द्या.” आणि निघण्याआधी गाडीचे चारी बाजूंनी फोटो काढायला लावायची. “नंतर आमचे हे ओरखड्यावरून भांडतात,” असं ती हातवारे करून सांगायची. मागे गल्ल्यावर बसलेले दादा तेव्हा पेपरात तोंड खुपसायचे.

मग चक्कर. ती मागे बसायची आणि चालवणाऱ्याची पाठ बघायची. खांदे कानाला टेकलेत का, मान दगडासारखी आहे का, कुत्रं आडवं आलं की माणूस आधी ओरडतो की आधी वेग कमी करतो. उतरल्यावर ‘हो’ म्हणायची किंवा ‘नको’. नापास झालेले पाहुणे पलीकडच्या दुकानातून गाडी घ्यायचे, तिच्यासमोरून हात हलवत जायचे आणि बहुतेक वेळा संध्याकाळी सुखरूप परतायचे. दादा तिला मुद्दाम हाक मारून ते दाखवायचे. “आलं बघ तुझं नापास!” ती म्हणायची, “आलं ना? बरं झालं.”

ते जोडपं आलं तेव्हा सकाळ होती आणि गल्ली नुकतीच झाडून झाली होती. तो सुतार होता. पन्नाशी उलटलेला, दाढीचे पांढरे खुंट, बोटांवर जुन्या जखमांचे वण. बायको एका शाळेत मुलांना जेवण वाढायचं काम करायची. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच दोघं देशाबाहेर पडली होती. त्याला डोंगरापलीकडच्या तळ्यावर मोटारसायकलनं जायचं होतं. ती पर्स पोटाशी धरून उंबऱ्याबाहेर उभी होती. आत यायलाच तयार नाही.

शेवटी तिनं फोन पुढे केला. फोन तिचं बोलणं आमच्या भाषेत करून सांगायचा, तेही एखाद्या रागावलेल्या मास्तरासारखं. तो खेकसला, “मी बसू की बसने जाऊ?”

आम्ही सगळे हसलो. ती दोघंही काही न समजता हसली.

वहिनी म्हणाली, “थांबा. आधी मी बसून बघते.”

त्या दिवशी तिनं नेहमीपेक्षा मोठी चक्कर मारली. गल्ली, चौक, उतार, परत गल्ली. आली ती हसतच. मला म्हणाली, “अहो, घरातल्या खुर्चीवर बसल्यासारखं वाटलं. कुत्रं दिसायच्या आधीच हा माणूस हळू झालेला असतो.” मग तिनं त्या बाईचा हात धरून तिला गाडीपाशी आणलं, पाय कुठे ठेवायचे ते दाखवलं, वळणावर नवऱ्याबरोबर झुकायचं, उलट्या बाजूला नाही, हे स्वतः झुकून दाखवलं. “बसा. बिनधास्त बसा.”

ती बसली. गल्लीच्या टोकाशी वळताना ती नीट झुकली, तेव्हा वहिनीनं टाळ्या वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी पोलिसांचा फोन आला. किल्लीच्या बिल्ल्यावर दुकानाचा नंबर होता. डोंगरातल्या रस्त्यावर खडीच्या खाणीचे ट्रक जातात, भरभरून, वरून काही न झाकता. एका वळणावर सांडलेल्या खडीवरून गाडी घसरली. सुतार कठड्यावर जाऊन आपटला आणि तिथेच गेला. बायकोचं मांडीचं हाड मोडलं होतं, पण ती वाचली होती.

दादांनी कागदांची फाइल काढली. विमा चालू होता, लायसन्स बरोबर होतं, हेल्मेट दोघांच्याही डोक्यावर होतं, ब्रेक पोलिसांनी तपासले तेव्हा चांगले निघाले. “आपल्याकडून कुठे काही कमी नाही,” दादा पुन्हा पुन्हा म्हणत होते. वहिनी काउंटरपाशी उभी होती. म्हणाली, “ती बसने जाणार होती.” एवढंच. मग आत जाऊन तिनं तोंड धुतलं आणि दवाखान्यात जायला निघाली.

पुढचं मला तिनंच नंतर तुकड्यातुकड्यांनी सांगितलं.

त्या बाईचा दीर यायला वेळ होता. वॉर्डात तिची भाषा कुणालाच येत नव्हती. पाय बांधून वर टांगलेला, डोळे छताला लागलेले. तिच्या केसांत रक्त आणि बारीक खडी तशीच सुकून बसली होती. नर्सना तेवढी सवड कुठली? वहिनीनं तांब्या आणि घमेलं मागून घेतलं, डोक्याखाली प्लास्टिक घातलं आणि हळूहळू केस धुतले. खडीचा एकेक दाणा बोटांनी काढला. ती बाई डोळे मिटून पडून राहिली. वहिनी दुसऱ्या दिवशी गेली, तिसऱ्या दिवशी गेली. जाताना रोज ठरवायची, आज सांगायचं. मी ‘बसा’ म्हटलं नसतं तर तुमचा पाय धड राहिला असता, हे सांगायचं. आणि रोज तशीच परत यायची.

मग एका दुपारी त्या बाईनंच फोन उचलला. फोन तसाच खेकसला, “तुम्ही त्याच्या मागे बसला होता.”

 वहिनीनं मान डोलावली.

“तो नीट चालवत होता ना?”

“हो.”

“पोलीस म्हणतात तो जोरात होता. माझ्या दिरालाही त्यांनी तेच कळवलं. घरी सगळे म्हणतात, म्हातारपणी याला काय अवदसा आठवली. मी मागे होते, मला माहीत आहे, तो हळू होता. पण मी त्याची बायको. माझं कोण ऐकणार?”  मग फोनमध्ये आणखी काही म्हणाली. “या देशात त्याच्या मागे फक्त आपण दोघी बसलो.”

वहिनी तडक पोलीस चौकीत गेली. दादा सोबत गेले, मनात नसताना. तिथल्या साहेबांनी खुर्ची दिली, पाणी दिलं. वाईट माणूस नव्हता. वहिनीनं सांगितलं की तो माणूस फार जपून चालवायचा, मी स्वतः मागे बसून बघितलंय, तेवढं लिहून घ्या.

“कुठे बघितलंत?”

“आमच्या गल्लीत. चौकापर्यंत.”

साहेब हसले नाहीत. ते हसले असते तर बरं झालं असतं, असं ती मला म्हणाली. ते शांतपणे म्हणाले, “वहिनी, गल्लीतली चक्कर वेगळी आणि घाटातलं वळण वेगळं. गल्लीत माणूस बघून तो घाटात कसा चालवेल, हे तुम्ही कसं सांगणार?”

“आणि ती खडी?”

“खडी तिथं रोजच असते. बाकीचे जातातच ना त्यावरून?”

बाहेर आल्यावर दादा म्हणाले, “चल आता. झालं तुझं समाधान?” ती म्हणाली, “अहो, ते बरोबर बोलले. मला काय कळत होतं इतकी वर्षं?” 

दीर आला. सुताराला पेटीत घालून विमानानं नेलं. बायकोला नंतर व्हीलचेअरवरून नेलं. निघताना वहिनी दवाखान्याच्या दारात होती, पण दीर घाईत होता, सामान चढवायचं होतं, फोन कुठल्या तरी बॅगेत गेला होता. दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. त्या बाईनं हात उचलला तो निरोपाचा की नुसताच सावरण्यासाठी, हे वहिनीला कळलं नाही. सांगायचं होतं ते राहूनच गेलं.

त्यानंतर दादांनी तिला पुन्हा मागे बसायला लावलं. गिऱ्हाइकं त्यासाठीच यायची. मागे बसणाऱ्या बाईबद्दल कुणीकुणी इंटरनेटवर लिहिलं होतं. ती बसायची, पण आता तिला काहीच कळेनासं झालं होतं. सगळ्या पाठी तिला सारख्याच दिसायच्या. उतरली की ‘नको’. याला नको, तिला नको, त्यालाही नको. एक दिवस दादांचा तोल गेला. “मग दुकानालाच कुलूप लावू का?” सगळ्या गल्लीनं ऐकलं. वहिनी खाली बसली आणि हेल्मेटं पुसायला लागली. पुसलेलंच परत पुसायची. जेवण सुटलं, गालांची हाडं वर आली. माझी बायको डबा घेऊन जायची, तो तसाच परत यायचा.

दादांना मी कधी हळवं बघितलेलं नाही. तो माणूस स्वतःच्या वडिलांच्या जाण्यावरही जमाखर्चाच्या आवाजात बोलला होता. पण एका सुट्टीच्या दिवशी ते दुकानाचं दार लावून बाहेर आले आणि वहिनीला म्हणाले, “आपण तिथं जाऊन येऊ या का?”

“कुठे?”

“त्या वळणावर.”

दोघं बसनं गेली. वळणावर कठड्याचा एक दगड निखळला होता, बाकी काही नव्हतं. खडी मात्र होती, वळणाच्या आतल्या अंगाला, जाडसर पसरलेली. ट्रक गेला की आणखी चार मुठी पडायची. वहिनी ती बघत उभी राहिली. मग खाली वाकून हातानंच गोळा करायला लागली. दादा म्हणाले, “अगं, असं किती काढशील?” ते पुढच्या चहाच्या टपरीवर गेले आणि झाडू घेऊन आले. टपरीवाल्याचा लाल फडकाही आणला. वर उभे राहून ते येणाऱ्या गाड्यांना फडका दाखवत राहिले आणि वहिनी झाडत राहिली. बस यायच्या वेळेपर्यंत वळण साफ झालं. लगेच एक ट्रक गेला.

“ही परत येणारच,” दादा म्हणाले.

“येऊ दे.”

पुढच्या सुट्टीला दोघं परत गेली. त्याच्या पुढच्याही. दादांनी रस्त्याच्या कार्यालयात अर्ज दिला, खाणवाल्याशी भांडून आले, दोन्हीकडून काही झालं नाही. दुकानातल्या अर्ध्या गाड्या त्यांनी विकल्या. उरलेल्या देताना आता ते स्वतःच लायसन्स उलटसुलट करून बघतात, आणि डोंगराकडे जाणाऱ्याला त्या वळणाचं चित्र कागदावर काढून देतात. वहिनी कुणाच्या मागे बसत नाही. कुणी विचारलं तर म्हणते, “मला नाही त्यातलं कळत.” जेवते आता थोडंफार.

दादांचे गुडघे गेल्यापासून ती एकटीच जाते. बसचा कंडक्टर तिला वळणाच्या अलीकडे उतरवतो. मागच्या सुट्टीला मी बरोबर गेलो होतो, फडका धरायला. ऊन फार होतं. एक परदेशी पोरगी मोटारसायकलवरून आली, मला बघून हळू झाली, झाडणाऱ्या बाईकडे बघत गेली आणि पुढच्या वळणावर दिसेनाशी झाली. वहिनीनं वर बघितलंच नाही. खडीचा ढीग कठड्याबाहेर लोटला, पदरानं मान पुसली आणि विचारलं, “खालून ट्रक येताना दिसतोय का हो?”

दिसत होता.